तीस मिनिटांची शुश्रूषा

आपल्यापैकी अनेकांच्या घरातील कोणी ना कोणी इंग्लंडात आहे. क्वचित मुलगा-सून, क्वचित बहीण, तर काहींची मावशी-आत्या पन्नास वर्षांपूर्वी तेथे गेलेली आणि आता तेथेच वृद्ध झालेली. फोनवर एके दिवशी कळते, 'आता काउन्सिलकडून केअरर येतात, दिवसातून चार वेळा.' ऐकणाऱ्याला हायसे वाटते. सरकारने माणूस पाठवला, काळजी मिटली, असे आपण समजतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझीही तीच समजूत होती. पुढे मावशीच्या घरी तीन आठवडे राहण्याचा योग आला आणि 'काउन्सिलकडून येते' या दोन शब्दांच्या मागे केवढी यंत्रणा आहे, ते जवळून पाहायला मिळाले.

मावशीचे वय ८४. यजमान जाऊन नऊ वर्षे झालेली, मूलबाळ नाही, मध्य इंग्लंडातील एका गावात दोन खोल्यांचे स्वतःचे घर. स्नानगृहात पाय घसरून खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, वॉकर धरून चालण्याइतकी शक्ती आली आणि रुग्णालयाने घरी पाठवले. सकाळी साडेसातला केअरर यायची, तिचे नाव रोज निराळे. आत येताच ती मोबाईल काढून दाराजवळच्या वहीवर चिकटवलेल्या चकतीला टेकवी आणि जाताना पुन्हा टेकवी. या दोन स्पर्शांमधला काळ तीस मिनिटांचा. त्या तीस मिनिटांत मावशीला उठवणे, शौचाला नेणे, अंग पुसणे, कपडे बदलणे, गोळ्या देणे, चहा-टोस्ट करून देणे आणि वहीत सारे लिहून ठेवणे, एवढे उरकायचे. एका रविवारी न्याहारीची बाई अकरा वाजता आली आणि दुपारच्या जेवणाची बारा वाजता. मावशी म्हणाली, "अगं, एक तासात दोनदा भूक लागायला मी काय लहान मूल आहे का?" ती हसली, पण त्या दिवशी सकाळचे सात ते अकरा हे चार तास ती अंथरुणातच पडून होती.

मी त्या मुलीवर रागावले आणि नंतर मला त्याची लाज वाटली. ती काउन्सिलची नोकरच नव्हती. एका खासगी एजन्सीची होती, त्या सकाळी तिची एक सहकारी आजारी होती आणि तिच्या वाट्याला दोघींची घरे आली होती. मग हे तीस मिनिटे ठरवले कोणी? त्याचा माग काढताना जे हाती लागले, ते आपल्यापुढे मांडते.

प्रथम एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा. आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानुसार वृद्ध मातापित्यांचा सांभाळ ही मुलांची, नातवंडांची कायदेशीर जबाबदारी आहे. इंग्लंडात सज्ञान मुलांवर तशी जबाबदारी नाही. तेथील जुन्या 'पुअर लॉ'मध्ये ती होती. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने ती संपवली. मुले प्रेमाने करतात, पुष्कळ करतात. परंतु कायद्याच्या नजरेत अशा वृद्धाची गरज भागवण्याचे कर्तव्य स्थानिक काउन्सिलचे आहे. आपल्या महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या जागी तेथे काउन्सिल, असे ढोबळमानाने समजावे.

एके काळी हे कर्तव्य काउन्सिल स्वतः पार पाडत असे. 'होम हेल्प' नावाच्या बाया तिच्याच पगारी नोकर असत. त्या झाडलोट करीत, बाजार आणीत, शेगडी पेटवून देत आणि वर्षानुवर्षे त्याच घरी जात. १९८८ मध्ये सर रॉय ग्रिफिथ्स यांचा अहवाल आला. हे गृहस्थ सेन्सबरी या मोठ्या किराणा साखळीचे संचालक होते, हे विसरू नये. काउन्सिलने सारे स्वतः करण्यापेक्षा गरज मोजावी, सेवा बाहेरून घ्यावी आणि तिच्यावर देखरेख ठेवावी, असा त्यांचा विचार. १९९० मध्ये त्याचा कायदा झाला आणि एप्रिल १९९३ पासून तो पूर्णपणे अमलात आला. त्यासाठी केंद्राकडून आलेल्या विशेष निधीतला ८५ टक्के भाग खासगी आणि स्वयंसेवी संस्थांच्या सेवांवरच खर्च करण्याची अटही घातली गेली. परिणाम व्हायचा तो झाला. आज इंग्लंडात काउन्सिलच्या खर्चाने होणारी गृहसेवा बहुतांशी खासगी एजन्सींच्या हातून होते. या खरेदीच्या साऱ्या व्यवहाराला तेथे 'कमिशनिंग' म्हणतात. आपल्या कानाला कमिशन म्हणजे दलाली वाटते. येथे मात्र अर्थ असा की लोकांची गरज ओळखणे, तीनुसार सेवा नेमून देणे, तिचे कंत्राट करणे आणि ती नीट मिळते की नाही ते पाहणे.

आता ही साखळी कडी-कडीने पाहू. पहिली कडी म्हणजे गरजेचे मूल्यमापन. २०१४ च्या 'केअर ॲक्ट'नुसार ज्या प्रौढ व्यक्तीला आधाराची गरज असल्याचे दिसते तिचे मूल्यमापन काउन्सिलला करावेच लागते, मग तिच्या बँकेत कितीही पैसे असोत. हे मूल्यमापन विनाशुल्क असते. सामाजिक कार्यकर्ता किंवा प्रशिक्षित कर्मचारी घरी येतो आणि दहा बाबी तपासतो. खाणेपिणे, अंगाची स्वच्छता, शौच, नीट कपडे घालणे, घरात सुरक्षित वावरणे, घर राहण्याजोगे ठेवणे या आपल्याला अपेक्षित असलेल्या बाबी त्यात आहेतच. त्याशिवाय कुटुंबीय आणि स्नेह्यांशी संबंध टिकवणे, परिसरातील सोयींचा वापर करता येणे, काम-शिक्षण-स्वयंसेवा आणि बालकाच्या संगोपनाची जबाबदारी याही आहेत. शारीरिक वा मानसिक व्याधीमुळे यांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी जमत नसतील आणि त्याचा व्यक्तीच्या स्वास्थ्यावर मोठा परिणाम होत असेल, तर ती पात्र ठरते. माणसाला माणूस भेटणे ही एक गरज आहे, असे तेथील कायदा लेखी म्हणतो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि म्हणूनच पुढच्या कड्यांत ती कशी निसटते तेही सांगितले पाहिजे.

मूल्यमापनाच्या आधी किंवा रुग्णालयातून परतताच बहुधा 'रिएबलमेंट' नावाचा टप्पा येतो. माणसाला पुन्हा स्वतःच्या पायावर उभे करण्याची ही अल्पकालीन मदत सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते. मावशीला त्या काळात आलेल्या बाया फार चांगल्या होत्या, कारण त्या तिच्या हातून करवून घेत. सदऱ्याची बटणे तिने लावायची, त्यांनी थांबायचे. सहा आठवडे संपले, आणि बटणे लावू देण्याइतका वेळ कोणापाशी उरला नाही.

दुसरी कडी पैशाची. येथे बरेच जण फसतात, कारण इंग्लंडातली आरोग्यसेवा मोफत आहे म्हणजे ही काळजीही मोफत असेल असे ते धरून चालतात. तसे नाही. २३,२५० पौंडांहून अधिक बचत असलेल्या व्यक्तीला साधारणतः पूर्ण खर्च स्वतः करावा लागतो. १४,२५० पौंडांखालील बचत हिशेबात धरली जात नाही. मधल्या रकमेवर प्रत्येक २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न गृहीत धरतात. या मर्यादा २०१० पासून वाढलेल्या नाहीत, महागाई मात्र थांबलेली नाही. एक दिलासा असा की सेवा घरी घेत असाल तर राहत्या घराची किंमत मोजली जात नाही. बचत जास्त असली तरी 'माझ्यासाठी सेवेची व्यवस्था तुम्ही करा' असे काउन्सिलला सांगता येते. त्यासाठी ती व्यवस्थेचे शुल्क घेऊ शकते. स्कॉटलंडचे नियम निराळे आहेत. तेथे ६५ वर्षांवरील व्यक्तींना वैयक्तिक काळजी २००२ पासून मोफत मिळते.

तिसरी कडी खरेदीची, आणि सारे तेथेच घडते. काउन्सिल आपल्या हद्दीचे विभाग पाडते आणि निविदा मागवते. काही ठिकाणी एका विभागासाठी एक मुख्य एजन्सी नेमतात, काही ठिकाणी दहा-वीस किंवा त्याहून अधिक एजन्सींची यादी करून ठेवतात. त्या यादीत नाव असणे म्हणजे काम मिळणे नव्हे. मावशीसारख्या प्रत्येक व्यक्तीची गरज कागदावर उतरते: सकाळी तीस मिनिटे, दुपारी तीस, संध्याकाळी तीस, रात्री तीस. तो कागद काउन्सिलच्या कक्षातून यादीतील एजन्सींकडे जातो, आणि ज्या एजन्सीच्या त्या भागातील फेरीत जागा असते ती तो उचलते. कागदावर नाव नसते, स्वभाव नसतो, भाषा क्वचितच असते. असतात त्या वेळा आणि कामे. संबंध टिकवण्याची ती बाब येथवर येईपर्यंत मिनिटांत बसत नाही म्हणून गळून पडलेली असते.

बऱ्याच काउन्सिल प्रत्यक्ष घरात घालवलेल्या मिनिटांचेच पैसे देतात, म्हणूनच मोबाईल आणि चकती. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ, बसची वाट, पाऊस, बंद दारासमोर उभे राहणे, हे सारे एजन्सीने त्याच दरात बसवायचे. होमकेअर असोसिएशन ही तेथील सेवादात्यांची संघटना दरवर्षी किमान परवडणारा दर जाहीर करते. २०२४-२५ साठी इंग्लंडातील तो दर तासाला २८.५३ पौंड होता. त्या वर्षी कायदेशीर किमान वेतन होते ११.४४ पौंड. मधला फरक म्हणजे एजन्सीचा निव्वळ नफा नव्हे. प्रवासाचा वेळ, पेट्रोल, रजा, निवृत्तिवेतन, विमा, प्रशिक्षण, कार्यालय हे सारे त्यातूनच भागते. ज्या काउन्सिल याहून कमी दर देतात तेथे काटछाट कोठे होत असेल, ते ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही. केअररला निश्चित तासांची हमी मिळत नाही, तिच्या फेऱ्यांमध्ये पाच मिनिटांचीही फट ठेवली जात नाही, आणि थोड्याच महिन्यांत ती दुकानात कमी त्रासाचे काम शोधते. आपल्या मावशीला रोज नवा चेहरा दिसतो तो यामुळे.

हे तेथील लोकांना कळत नाही असे नाही. पंधरा मिनिटांच्या भेटींवर तेथे मोठा गहजब झाला होता. कायद्यासोबतच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की ज्यांना अंगस्वच्छता किंवा शौचासारख्या नाजूक बाबींत मदत लागते त्यांच्यासाठी इतकी छोटी भेट योग्य नाही. गोळी घेतली का, घरी सुखरूप पोहोचला का, एवढे पाहायला ती चालेल. 'नाइस' या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या २०१५ च्या शिफारशींनुसार अर्ध्या तासाहून छोटी भेट तेव्हाच ठेवावी, जेव्हा केअरर ओळखीची असेल, ती भेट मोठ्या योजनेचा भाग असेल आणि नेमके काम पुरे करण्याइतका वेळ असेल. युनिसन या कामगार संघटनेने २०१२ मध्ये एक सनद काढली: वेळ गरजेप्रमाणे असावी, मिनिटांप्रमाणे नसावी, प्रवासाचा पगार मिळावा, शक्य तेथे तीच केअरर यावी. साउथवर्क, इझलिंग्टन यांसारख्या काउन्सिलनी ती स्वीकारली. विल्टशायरने तर मिनिटांऐवजी 'माणूस पुन्हा काय करू लागला' यावर पैसे देण्याचा प्रयोग केला. मावशीची बटणे ज्यात मोजली गेली असती असा तो व्यवहार.

कंत्राटाची दुसरी नाजूक बाजू २०१८ मध्ये दिसली. अलाइड हेल्थकेअर ही देशभर पसरलेली मोठी गृहसेवा कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि केअर क्वालिटी कमिशन या नियामक संस्थेला ८४ काउन्सिलना 'सेवा खंडित होऊ शकते' असा इशारा धाडावा लागला. अशा वेळी कायदा वृद्धाच्या बाजूने उभा राहतो. कंपनी बुडाली तर तिची सेवा घेणाऱ्या प्रत्येकाची तात्पुरती सोय काउन्सिलने करायची, मग त्याचे पैसे कोणीही भरत असो.

आपले कोणी तेथे असेल तर काही गोष्टी आवर्जून कळवाव्यात. मूल्यमापन मागून घ्यावे लागते. नुसती वाट पाहत बसू नये. घरात सांभाळ करणाऱ्या पत्नीचे, पतीचे, मुलीचे स्वतंत्र मूल्यमापन हाही त्यांचा हक्क आहे, आणि आपली मंडळी 'आम्हाला काय होतंय' म्हणून तो सोडून देतात. मूल्यमापनाच्या दिवशी घर आवरून, नवी साडी नेसून 'सगळं जमतं मला' असे सांगण्याची आपल्या पिढीची खोड असते. त्या दिवशी तरी ती आवरावी, कारण अवघड दिवसाचे चित्र कागदावर आले नाही तर मदतही तेवढीच कमी येते. काळजीची लेखी योजना आणि ठरलेल्या रकमेचा आकडा हाती घ्यावा. एजन्सीचे मूल्यांकन नियामक संस्थेच्या अहवालात पाहता येते. 'उत्कृष्ट'पासून 'अपुरी'पर्यंत चार श्रेणी असतात. तक्रार प्रथम एजन्सीकडे किंवा काउन्सिलकडे करावी. समाधान झाले नाही तर स्थानिक शासन आणि सामाजिक काळजीसाठीचा लोकपाल आहे, आणि त्याच्याकडे जायला पैसे लागत नाहीत.

आणखी एक वाट फार थोड्यांना ठाऊक असते. काउन्सिलने नेमलेली एजन्सी नको असेल तर ठरलेली रक्कम 'डायरेक्ट पेमेंट' म्हणून स्वतःच्या हाती मागता येते आणि आपल्या पसंतीचा माणूस ठेवता येतो. त्याच घरात राहणाऱ्या जवळच्या नातलगाला त्यातून पगार देता येत नाही, काही अपवाद सोडल्यास. शिवाय आपण मालक होतो, म्हणजे पगारपत्रक, रजा, विमा हे सारे आपल्या डोक्यावर येते. काउन्सिलकडून त्यासाठी साहाय्य मिळते, ते घ्यावे.

या कहाणीत आपल्याकडच्या तरुणांचाही धागा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील केअररच्या कामासाठी परदेशस्थांना व्हिसा खुला झाला आणि भारतातून पुष्कळ जण गेले. मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्यांना जोडीदार-मुले सोबत नेण्यास बंदी आली, आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच थांबली. आजही कोणी एजंट 'केअरर व्हिसा'साठी लाखो रुपये मागत असेल, तर आपल्या नातवाला हे सांगावे.

आता थोडे आपल्या अंगणात पाहू. पुण्या-मुंबईत ब्युरोकडून बारा तासांच्या मावशी किंवा चोवीस तासांची बाई आणताना आपण जे करतो तेही कमिशनिंगच असते, फक्त काउन्सिलच्या जागी आपण असतो, आणि तपासणारा कोणी नसतो. केरळात २००८ च्या धोरणानंतर ग्रामपंचायतींच्या आधाराने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात. स्थानिक संस्था हे करू शकते याचा तो देशातलाच दाखला आहे. आपल्याकडे तोवर ब्युरोला विचारायचे प्रश्न तरी आपण नीट विचारावेत. आपण फक्त तास विकत घेत आहोत की कामे, आणि ती कोणती, हे लिहून काढावे. बाईच्या हाती आपण दिलेल्या पैशांतले किती पडतात? तिची सुट्टी असेल त्या दिवशी कोण येणार, आणि ती व्यक्ती आजींना आधी भेटलेली असेल का? तिला दुपारी पाठ टेकायला जागा कोठे आहे? हे प्रश्न मी स्वतः पूर्वी कधी विचारले नव्हते. 'महिना किती?' एवढेच विचारत असे.

मी परतण्याच्या आठवड्यात मावशीच्या योजनेचा फेरआढावा होता. पहिल्या काही आठवड्यांत एकदा आणि पुढे साधारण वर्षातून एकदा तो व्हावा अशी अपेक्षा असते. आम्ही तो मागून घेतला होता. आलेली सामाजिक कार्यकर्ती शांत स्वभावाची होती. तिने सकाळच्या भेटीची वेळ पक्की करण्याचे, आणि तीनच केअरर आलटून पालटून पाठवण्याविषयी एजन्सीशी बोलण्याचे मान्य केले. मग विचारले, "याखेरीज तुम्हाला काही हवं आहे का?" मावशी बराच वेळ गप्प राहिली. शेवटी इंग्रजीत म्हणाली, की संध्याकाळची मुलगी साडेसहाला येते तेव्हा मी खुर्चीत असते, आणि देवघर पलीकडच्या खोलीत आहे. खुबा मोडल्यापासून तिन्हीसांजेला दिवा लावलेला नाही.

कार्यकर्तीने देवघर म्हणजे काय ते विचारून घेतले, त्या खोलीत जाऊन अंतर पाहिले, ज्योतीपाशी आग लागण्यासारखे काही नाही ना तेही पाहिले. मग संध्याकाळच्या भेटीच्या रकान्यात एक ओळ वाढवली: वॉकरसह शेजारच्या खोलीत नेणे, दिवा लावताना जवळ उभे राहणे, परत आणणे. त्यापुढे वेळ लिहिली, दहा मिनिटे, आणि तीसचे चाळीस केले.